घाट चढणारी सायकल

प्रथम एका प्रश्नाचे उत्तर द्या. निलंगा अधिक उंचीवर आहे की खंडाळ्याच्या घाटाच्या पायथ्याशी असलेली खोपोली?

घाट खोपोलीला लागतो, म्हणून पुष्कळजण चटकन 'खोपोली' असे म्हणतील. पण खोपोली कोकणात आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची शंभर मीटरसुद्धा नाही. निलंगा बालाघाटच्या पठारावर, पाचशे मीटरहून अधिक उंचीवर वसलेले आहे. म्हणजे निलंग्याचा विद्यार्थी जेथे रोज सायकल चालवतो, तेवढ्या उंचीवर येण्यासाठी खोपोलीच्या सायकलस्वाराला जवळजवळ सारा घाट चढावा लागेल!

मग आपल्याला या उंचीचा त्रास का जाणवत नाही? कारण दख्खनचे पठार पूर्वेकडे अगदी सावकाश उतरत जाते. तेरणेचे पाणी मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी शेकडो किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. पाचशे मीटरांची उंची या पाण्याने इतक्या लांबवर वाटून घेतली आहे. सह्याद्रीची पश्चिम बाजू मात्र एखाद्या भिंतीसारखी उभी आहे. तीच उंची तेथे थोड्याशा अंतरात संपते. सायकलस्वाराची परीक्षा उंची घेत नाही, चढ घेतो.

चढ कसा मोजतात?

रस्त्यावर २० मीटर पुढे गेल्यावर आपण १ मीटर वर आलो, तर त्या चढाला 'विसास एक' किंवा 'शेकडा पाच' असा चढ म्हणतात. दहा मीटरांत एक मीटर वर आलो, तर तो चढ शेकडा दहा झाला.

खंडाळ्याच्या घाटाला बोरघाट असेही नाव आहे. गाड्या जाऊ शकतील असा रस्ता तेथे १८३० साली खुला झाला आणि १८६३ साली आगगाडी घाट चढू लागली. लोखंडी रुळावर लोखंडी चाक लवकर घसरते, त्यामुळे आगगाडीला फार चढ चालत नाही. इंजिनिअरांनी बोगदे खोदून आणि पूल बांधून लोहमार्गाचा चढ ३७ मीटरांत १ मीटर, म्हणजे शेकडा तीनच्याही आत ठेवला. एवढ्या चढासाठीसुद्धा कर्जतला गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. रस्त्यावरचे रबरी टायर डांबराला घट्ट धरतात, म्हणून रस्ता याहून पुष्कळ अधिक चढाचा चालतो. मुंबई–पुणे सायकल शर्यतीतील स्पर्धकांचा खरा कस याच जुन्या रस्त्यावर लागतो. जो सर्वांत आधी घाट चढतो, त्याला 'घाटाचा राजा' असा किताब मिळतो.

पायडलवर किती जोर द्यावा लागतो?

समजा, तुमचे वजन ५० किलोग्रॅम आणि सायकलीचे २० किलोग्रॅम आहे. एकूण ७० किलोग्रॅम झाले. शेकडा दहाच्या चढावर या वजनाचा दहावा भाग, म्हणजे ७ किलोग्रॅम-भार इतके बल सायकलीला मागे ओढत असते. टायरचे घर्षण वगैरे धरून ते ७.७ होईल असे समजू. सायकल पुढे न्यायची तर तेवढेच बल मागच्या चाकाने रस्त्यावर लावले पाहिजे.

आता आपली साधी, काळी सायकल पाहा. पुढच्या दातेरी चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८, असे धरू. पायडल एकदा पूर्ण फिरवले की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. तेवढ्या वेळात तुमचे पाऊल मात्र सुमारे १.०७ मीटर घेराच्या वर्तुळात एकच फेरी करते. पाऊल एक मीटर हलले की सायकल पाच मीटर जाते. सपाट रस्त्यावर ही फार सोयीची गोष्ट आहे. पण निसर्ग फुकट काही देत नाही. अंतर पाचपट मिळते, म्हणून जोरही पाचपट द्यावा लागतो. म्हणजे पायडलवर सरासरी ३८.५ किलोग्रॅम-भार हवा.

हे झाले सरासरी बल. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पाय दाबून चाक फिरत नाही. म्हणून पायडलची दांडी आडवी असताना सरासरीच्या सुमारे दीडपट, म्हणजे ६० किलोग्रॅम-भाराइतका जोर लावावा लागतो. तुमचे वजन तर ५० किलोग्रॅमच! सीटवरून उठून पायडलवर सारे शरीर टाकले तरी जोर अपुराच पडतो. मग आपण नकळत हँडल वर ओढतो आणि त्या ओढीने पायडल आणखी दाबतो. पण असे किती वेळ चालणार? शेवटी खाली उतरून सायकल ढकलत न्यावी लागते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हा साधा गुणाकार-भागाकार आहे.

गिअर काय करतो?

गिअरच्या सायकलीत पुढे व मागे लहानमोठी दातेरी चक्रे असतात. समजा, चढावर साखळी पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांच्या चक्रावर घेतली. आता पायडलच्या एका फेरीत सायकल ५.४ ऐवजी सुमारे २.२ मीटरच जाईल. पावलाच्या एका मीटरला सायकलीचे जेमतेम दोन मीटर. त्यामुळे ३८.५ ऐवजी सरासरी १६ किलोग्रॅम-भार पुरतो.

म्हणजे गिअरने श्रम वाचवले काय? हिशेब करून पाहू. एक किलोमीटर चढताना साध्या सायकलीवर पाऊल सुमारे १९८ मीटर फिरते. गिअरच्या सायकलीवर सुमारे ४८० मीटर. बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे कार्य.

साधी सायकल : ३८.५ × १९८ = सुमारे ७,६००
गिअरची सायकल : १६ × ४८० = सुमारे ७,७००

दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच आहेत. गिअर कार्य कमी करत नाही. न झेपणाऱ्या कामाचे झेपतील असे लहान तुकडे पाडतो. धान्याचे पोते एकदम उचलवत नसेल तर आपण पायलीपायलीने धान्य वाहून नेतो, त्यातलाच हा प्रकार. घाटातील वळणावळणाचा रस्ता हीच युक्ती करतो. डोंगर तेवढाच उंच राहतो, रस्ता लांब होतो आणि चढ कमी होतो.

ही युक्ती शर्यतीत येण्यासही वेळ लागला. 'तूर द फ्रान्स' या प्रसिद्ध शर्यतीचा मार्ग १९१० साली प्रथमच पिरेनीज पर्वतातील तूरमाले या २,११५ मीटर उंचीच्या खिंडीतून गेला, तेव्हा नामांकित सायकलपटूंनाही खाली उतरून चालावे लागले. साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणाऱ्या यंत्रणेला त्या शर्यतीत १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. तोवर मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळी दातेरी चक्रे बसवत. घाट लागला की स्वार उतरायचा, चाक काढायचा, उलटे करून बसवायचा आणि पुढे निघायचा!

एक भाकरी आणि अर्धा लिटर घाम

खोपोलीपासून घाटमाथ्यापर्यंतची चढण सुमारे ५०० मीटर धरू. ७० किलोग्रॅम वजन तेवढे वर नेण्यासाठी ७० × ९.८ × ५०० = ३,४३,००० ज्यूल कार्य करावे लागते. तुम्ही सतत १०० वॅट शक्ती देऊ शकत असाल, तर घर्षण सोडूनही यास सुमारे ५७ मिनिटे लागतील. कॅरिअरला पाच किलोग्रॅमचे दप्तर बांधले असेल, तर आणखी चार मिनिटे. घाटातील स्पर्धक सायकलीचा एकेक ग्रॅम का मोजतात, हे आता ध्यानात येईल.

आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग कार्यात बदलतात. म्हणून या चढणीसाठी सुमारे ३३० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. सुमारे शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातून, म्हणजे एका चांगल्या मोठ्या भाकरीतून एवढी ऊर्जा मिळते. एका भाकरीवर आख्खा घाट!

पण उरलेल्या तीन भागांचे काय? त्यांची उष्णता होते. ती बाहेर पडली नाही, तर शरीराचे तापमान सहा अंशांच्या जवळपास वाढेल, म्हणजे ३७ अंशांवरून ४३ अंशांवर जाईल. एवढा ताप प्राणघातक ठरतो. आपल्याला वाचवतो तो घाम. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. या हिशेबाने जवळजवळ अर्धा लिटर घाम वाळला पाहिजे.

'वाळला पाहिजे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कोकणातील दमट हवेत घाम वाळत नाही, थेंब होऊन गळतो. गळालेला थेंब शरीराला थंड करत नाही. त्यातून चढावर वेग कमी, म्हणून अंगाला वाराही लागत नाही. याच्या उलट, मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात घाम इतका झटकन वाळतो, की तो आल्याचे कळतच नाही, आणि शरीरातील पाणी मात्र कमी होत जाते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट पाणी पीत राहावे. डोके दुखू लागले, चक्कर आली किंवा मळमळू लागले, तर हट्ट न करता सावलीत थांबावे आणि सोबत्यांना सांगावे.

चढलेले परत मिळते!

माथ्यावर पोचताना साठवलेली ३,४३,००० ज्यूल ऊर्जा उतरताना परत मिळते, आणि धोका येथेच असतो. ब्रेक न लावता, हवेचा अडथळा सोडला, तर केवळ १० मीटर खाली येताच सायकलीचा वेग ताशी ५० किलोमीटर होऊ शकतो. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. ही सारी ऊर्जा ब्रेकच्या रबरांना उष्णतेच्या रूपात सोसावी लागते. पावसात रिम ओली झाली तर रबरे सुरुवातीला नुसती घसरतात.

म्हणून उतारावर निघण्याआधी दोन्ही ब्रेक तपासा, झिजलेली रबरे बदला, डोक्यावर हेल्मेट घाला. वेग वळणावर नव्हे, वळणाच्या आधी कमी करा. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, मधून मधून दाबा. आणि हेही लक्षात ठेवा, की मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई आहे.

करून पाहा

घाट दूर असला तरी चढ मोजता येतो. एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि पाण्याने जवळजवळ भरलेली, झाकण लावलेली एक सरळ बाटली घ्या. आधी घरातील सपाट फरशीवर बाटली आडवी ठेवून बुडबुडा कोठे स्थिरावतो तेथे खूण करा. मग गावाजवळ, ओढ्याच्या पुलापासून वर येणारा, वर्दळ नसलेला रस्ता निवडा आणि मोठ्या माणसाला सोबत घ्या. पट्टी चढाच्या दिशेने रस्त्यावर ठेवा. तिच्यावर बाटली आडवी ठेवून बुडबुडा खुणेवर येईपर्यंत पट्टीचे खालचे टोक उचला. टोक जमिनीपासून जितके सेंटिमीटर वर आले, तितका शेकडा चढ. पाच सेंटिमीटर आले, तर शेकडा पाच.

आता आपल्या सायकलीचे दाते मोजा, चाकाचा घेर मोजा आणि त्या चढावर पायडलला किती जोर लागेल ते वहीत काढा. मग तोच चढ सायकलीवरून चढून पाहा. वहीतील उत्तर खरे की नाही, ते तुमच्या मांड्याच सांगतील!