दान, पावती आणि आठवी आज्ञा

वाचन : करिंथकरांस दुसरे पत्र ८:१६-२१, प्रेषितांची कृत्ये ५:१-११



आर्थिक वर्ष संपत आले की पॅरिश ऑफिसमध्ये एक प्रश्न हमखास येतो : "फादर, वर्षभर चर्चला जे दिले त्याचे इन्कम टॅक्ससाठी पत्र मिळेल का?" काहीजण हा प्रश्न अगदी संकोचाने विचारतात. देवाला दिले आणि आता त्याचा मोबदला मागतो आहोत, असे त्यांना वाटते. काहींना मात्र दिल्यापेक्षा जास्त रकमेचे पत्र हवे असते. पहिल्यांनी संकोचू नये आणि दुसऱ्यांनी थोडे थांबून विचार करावा, यासाठी हा पाठ.

१. कायदा काय सांगतो?

आपल्या देशात देणगीवरील करसवलत १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०जी मुळे सर्वांच्या परिचयाची झाली. २०२५ साली संसदेने नवा आयकर कायदा संमत केला व त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व कायम राहिले. ते असे : सवलत धर्मादाय कार्यासाठी, म्हणजे गरिबांना मदत, शिक्षण, औषधोपचार अशा कामांसाठी दिलेल्या पैशाला मिळते. ज्या कार्याचा हेतू पूर्णपणे किंवा बहुतांशी धार्मिक आहे, त्यासाठी दिलेल्या पैशाला ती मिळत नाही. मान्यता असलेली संस्था एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लोकांपुरती असूनही चालत नाही. तिला आपल्या उत्पन्नापैकी फार तर ५ टक्के रक्कम धार्मिक कामावर खर्च करता येते.

म्हणून मिस्सातील कलेक्शन, मिस्सा अर्पणासाठी दिलेले दान, सणाची वर्गणी, वेदीची फुले, चर्चच्या रंगकामाला दिलेली मदत या कशालाही करसवलतीचे पत्र देता येत नाही. हा नियम देऊळ, मशीद, गुरुद्वारा, चर्च सर्वांना सारखाच आहे. केंद्र सरकारने ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाची अथवा राज्यभर कीर्ती असलेली म्हणून अधिसूचित केलेली प्रार्थनास्थळे तेवढी अपवाद. त्यांच्या दुरुस्तीला दिलेल्या देणगीवर सवलत आहे. आपले चर्च त्या यादीत नाही.

धर्मप्रांतांच्या समाजकार्य करणाऱ्या संस्थांची नोंदणी बहुधा वेगळी असते. त्यांपैकी ज्यांना आयकर खात्याची मान्यता आहे, त्यांना दिलेली देणगी सवलतीस पात्र ठरते. तेथेही चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, रोख दोन हजार रुपयांपेक्षा जास्त दिल्यास त्या देणगीवर सवलत नाही. चेकने किंवा बँकेमार्फत द्यावी. दुसरी, धान्य, कपडे, सिमेंट वा श्रमदान यांना सवलत नाही. कायदा फक्त पैसा मोजतो. तिसरी, २०२१-२२ या वर्षापासून नुसती छापील पावती पुरत नाही. संस्थेने देणगीदाराचे नाव, पॅन किंवा आधार क्रमांक व रक्कम आयकर खात्याला कळवायची आणि खात्याच्या संकेतस्थळावरून निघालेले प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे, अशी पद्धत तेव्हा सुरू झाली. चौथी, २०२३-२४ पासून करआकारणीची नवी पद्धत आपोआप लागू होते व तिच्यात ही वजावट मिळत नाही. जुनी पद्धत मुद्दाम निवडणाऱ्यांनाच तिचा उपयोग आहे. तेव्हा पत्रासाठी धावाधाव करण्याआधी आपण कोणत्या पद्धतीने कर भरतो ते पाहावे.

२. सवलतीचे पैसे कोणाचे?

एक साधे गणित करू. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्या, २० टक्क्यांच्या टप्प्यातील एका नोकरदाराने मान्यताप्राप्त संस्थेला १०,००० रुपये दिले. अशा बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्म्या रकमेची वजावट मिळते, म्हणजे ५,००० रुपयांची. त्यावरचा १,००० रुपये कर वाचला आणि ४ टक्के उपकराचे ४० रुपये वाचले. एकूण १,०४०. उरलेले ८,९६० रुपये त्याने आपल्या खिशातून दिले. तेव्हा सवलत घेतल्याने दान नाहीसे होत नाही. संकोच करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग ते १,०४० रुपये कोणी दिले? सरकारी तिजोरीने, म्हणजे तुम्ही-आम्ही सर्वांनी मिळून. या सत्कार्यात आमचाही वाटा असू द्या, असे जणू सर्व नागरिक म्हणतात. आता पावती खोटी असेल तर? ज्या पैशातून सरकारी दवाखान्यात औषध येते, गावातला रस्ता होतो, रेशनचे धान्य येते, त्यातून कोणीतरी गुपचूप काढून घेतले असा त्याचा अर्थ होतो. कर भरणे हे नैतिक कर्तव्य आहे, असे कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण स्पष्ट सांगते. कैसराचे कैसराला देण्याविषयी प्रभू येशूने सांगितले, त्यातही हेच आहे.

३. संत पौलाची खबरदारी

यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी संत पौलाने निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये निधी गोळा केला. तो प्रेषित होता. त्याच्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवला असता. तरीही तो निधी एकट्याने नेत नाही. तीताला पाठवतो, त्याच्याबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला एक भाऊ देतो आणि कारणही सांगतो : एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणी बोट दाखवू नये, व्यवहार प्रभूसमोर चोख असावा, तसा माणसांसमोरही असावा.

"देव पाहतो आहे, पावती कशाला?" या म्हणण्याला हे उत्तर आहे. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतही हीच दृष्टी दिसते. विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरावे (कलम १२६७), जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवाव्यात (कलम १२८४) आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा (कलम १२८७), असे ती सांगते. म्हणजे पावती मागणे हा तुमचा धर्मगुरूवरील अविश्वास नव्हे. हिशेब देणे हे आमचे कर्तव्यच आहे.

४. हनन्याचे पाप कोणते?

हनन्या आणि सप्पीरा यांनी जमीन विकली, काही रक्कम स्वतःकडे ठेवली व उरलेली प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवली. पैसे मागे ठेवले हे त्यांचे पाप, असे पुष्कळांना वाटते. पण पेत्राचे बोलणे नीट वाचा. जमीन तुझीच होती, विकल्यावरही रक्कम तुझ्याच हाती होती, असे तो म्हणतो. थोडे देण्याची त्यांना मोकळीक होती. थोडे देऊन सगळे दिल्याचे भासवले, हा त्यांचा गुन्हा.

पाच हजार देऊन पंधराचे पत्र मागणारा हेच करतो. सणाच्या वर्गणीची पावती "गरिबांसाठी मदत" म्हणून लिहून मागणाराही तेच करतो. शाळेतील प्रवेशाच्या किंवा हॉलच्या भाड्याच्या बदल्यात दिलेली रक्कम "देणगी" म्हणून दाखवणे हेही त्याच जातीचे, कारण ज्याच्या बदल्यात काही घेतले ते दान राहत नाही. आणि अशा पत्रावर सही कोणाची असते? धर्मगुरूची किंवा विश्वस्ताची. देणगीदाराचे पत्र ही लेखी साक्ष आहे : अमुक व्यक्तीने, अमुक दिवशी, अमुक कामासाठी, इतकी रक्कम दिली. खोटी साक्ष न देण्याची आठवी आज्ञा या कागदालाही लागू आहे. "पैसे शेवटी चर्चच्याच कामाला लागतात ना?" असे म्हटले जाते. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की चांगला हेतू वाईट कृतीला चांगले करू शकत नाही. उद्या हे पत्र खोटे ठरले तर बट्टा त्या संस्थेतून शिकणाऱ्या, औषध घेणाऱ्या गरिबांच्या मदतीला लागेल.

५. मग डाव्या हाताचे काय?

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभू येशू सांगतो. मग आपण नाव आणि रक्कम कशी लिहून घ्यावी? प्रभूचा रोख मिरवण्यावर आहे. फलकावर नाव यावे म्हणून दिलेले दान आणि कपाटातल्या फाइलमध्ये राहणारी पावती यांत पुष्कळ अंतर आहे. पावती फाइलमध्येच राहू द्या.

आणि शेवटी त्या विधवेची आठवण ठेवू. तिच्या दोन नाण्यांची कोणी पावती दिली नाही, कोणत्याही कायद्याने तिला सवलत दिली नसती. तरी मंदिराच्या भांडारासमोर बसलेल्या प्रभूने तीच देणगी सर्वांत मोठी मानली. आपल्या धर्मग्रामात भाताचे पोते आणून देणारे, सणाआधी आवार झाडणारे, आजाऱ्याजवळ रात्र काढणारे आहेत. त्यांना देण्यासारखे पत्र माझ्याकडे नाही, कोणाकडेच नाही.

ध्यानात ठेवण्यासारखे : चर्चला दिलेल्या प्रत्येक देणगीची साधी पावती ऑफिसातून अवश्य घ्या. करसवलतीचे पत्र हवे असल्यास पैसे देण्यापूर्वीच, संस्थेची मान्यता चालू आहे का ते विचारा. रक्कम, तारीख आणि कारण आहे तसेच लिहिले जाईल.

लघु ख्रिस्ती समूहांत चर्चेसाठी प्रश्न :
१. करसवलत मिळणार नसती तर माझे दान किती कमी झाले असते?
२. मी दिलेल्या दानाचा हिशेब मी कधी वाचला आहे का?
३. ओळखीच्या माणसाने खोट्या पावतीसाठी गळ घातली तर मी काय म्हणेन?

प्रार्थना : हे प्रभो, तूच दिलेल्यातून आम्ही देतो. आमचे हात सढळ ठेव आणि आमची अक्षरे खरी ठेव. आमेन.

तुमचा धर्मगुरू