तक्रार करावी की मुकाट्याने खावे?

मुलांनो, अन्नाला नावे ठेवू नयेत, अशी शिकवण आपल्या घराघरांतून दिली जाते. भाजी अळणी झाली, भाकरी थोडी करपली, तरी पानात पडले ते आनंदाने खावे आणि पान स्वच्छ करून उठावे, हे वळण आजीने किंवा आईने आपल्याला लावलेले असते. ते वळण फार चांगले आहे. ज्वारीचे कणीस हाती येण्यापूर्वी शेतकऱ्याने किती घाम गाळला आणि चुलीच्या धुराने माउलीचे डोळे किती वेळा भरून आले, ह्याची ज्याला जाणीव आहे, तो अन्नाची निंदा करणार नाही. परंतु ज्या अन्नासाठी आपण दाम मोजतो आणि जे अनोळखी जागी अनोळखी हातांनी आपल्यापुढे येते, त्यालाही हाच नियम लावावा काय?

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडील एका शाळेची सहल सेवाग्राम पाहण्यास निघाली आहे. पहाटे घर सोडलेली मुले भुकेने व्याकूळ झाली आहेत. वाटेत एका उपाहारगृहापाशी गाडी थांबते. तर्री-पोहे आणि आलूबोंडे मागविले जातात. तर्री झणझणीत आहे. तिच्याबद्दल कोणाचेच काही म्हणणे नाही. पण पाण्याच्या पेल्यांना आतून बुळबुळीत थर आहे, आलूबोंड्यांना शिळ्या तेलाचा वास येत आहे, आणि टेबल पुसण्याचे फडके ज्या बादलीत बुडविले जाते, त्याच बादलीत पेलेही विसळले जात आहेत. मुले एकमेकांकडे पाहतात. एक जण म्हणतो, "चालायचेच! बाहेरचे खाणे असेच असते." दुसरी नाक मुरडते, परंतु बोलत काहीच नाही. तिसऱ्याला राग आवरत नाही. पेला आणून ठेवणाऱ्या माणसावरच तो खेकसतो. गुरुजी पैसे चुकते करतात, गाडी सुटते, आणि मग मात्र सेवाग्राम येईपर्यंत गाडीत दुसरा विषय निघत नाही. उपाहारगृहाच्या मालकाने जे ऐकावयास हवे होते, ते सारे बिचाऱ्या चालकाला ऐकावे लागते!

ह्या तिघांपैकी तक्रार कोणी केली? नीट पाहिले तर कोणीच नाही. एकाने सोसले, दुसरी कुरकुरली, तिसरा चिडला. तक्रार ही ह्या तिन्हींहून वेगळी गोष्ट आहे. ती कशी असते, हे पाहावयाचे असेल, तर ज्यांची कुटी पाहण्यासाठी ही मुले निघाली होती, त्यांच्याकडेच जावे लागेल.

महात्मा गांधी १९३६ साली सेवाग्रामास राहावयास आले. त्याच्या एकोणीस वर्षे आधीची ही हकीकत आहे. दक्षिण आफ्रिकेतून १९१५ साली परतल्यापासून ते रेल्वेने तिसऱ्या वर्गातून प्रवास करीत असत. तिसरा वर्ग हा त्या काळी गोरगरिबांचा वर्ग होता. आपल्या देशात तो १९७४ साली बंद झाला. अडीच वर्षांच्या अशा प्रवासानंतर, २५ सप्टेंबर १९१७ रोजी, गांधीजींनी रांचीहून वृत्तपत्रांना एक सविस्तर पत्र लिहिले. मुंबईहून मद्रासला जाताना जे दिसले, ते त्यांनी त्यात मांडले होते. भाडे १३ रुपये ९ आणे. डब्यावर २२ प्रवाशांची पाटी. प्रत्यक्षात आत कोंबलेली माणसे ३५ पर्यंत. आता पाहा, "डब्यात फार गर्दी होती" असे नुसते लिहिले असते, तर कोणत्याही अधिकाऱ्याने "गर्दी तर नेहमीचीच" म्हणून हात झटकले असते. २२ च्या जागी ३५ म्हटल्यावर त्याला उत्तर शोधावे लागते.

वाटेत मिळणाऱ्या खाद्यपदार्थांविषयीही त्या पत्रात मजकूर आहे. पदार्थ मळकट, ते देणारे हात अधिकच मळके, ज्यांत ते ठेवलेले ती भांडी घाणेरडी आणि माशांनी त्यांची चव आधीच घेतलेली, असे ते वर्णन आहे. गांधीजींनी ते पदार्थ खाणाऱ्या प्रवाशांनाच त्यांचे मत विचारले. अनेकांनी शेलक्या शब्दांत पदार्थांचा उद्धार केला. परंतु आपण काय करणार, जे मिळेल ते घ्यावे लागते, असे म्हणून ते स्वस्थ राहिले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे ते प्रवासी आपल्या सहलीतील मुलांचे सख्खे भाऊच शोभतात!

चहाविषयीचा मजकूर तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. साखर घाणेरडी आणि दूध म्हणून घातलेल्या पांढुरक्या द्रवाने गढूळलेले पाणी, असे त्या चहाचे वर्णन करून गांधीजींनी पुढे एक खुलासा केला. चहाच्या रूपाची ग्वाही आपण स्वतः देतो, चवीविषयी मात्र प्रवाशांची साक्ष सांगतो, असा तो खुलासा होता. जे डोळ्यांनी पाहिले, ते पाहिले म्हणून सांगितले आणि जे दुसऱ्याकडून कळले, ते कळले म्हणून. एवढीशी गोष्ट, परंतु रागाच्या भरात आपण नेमके हेच विसरतो आणि एका माशीच्या दहा माशा करतो. मग समोरचा मनुष्य त्या नऊ खोट्या माशांवरच बोट ठेवतो आणि खरी माशी तशीच उडून जाते.

त्याच प्रवासात मद्रासला उतरल्यावर गाडीवाला ठरलेल्या दरापेक्षा अधिक भाडे मागू लागला. गांधीजींनी सौम्य शब्दांत सांगितले की, आपण ठरलेले भाडे देऊ. तो ऐकेना, तेव्हा ते गाडीतच बसून राहिले आणि म्हणाले, एक तर मला ओढून बाहेर काढ, नाही तर पोलिसाला बोलाव. अखेर गाडी निघाली.

येथे तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, आश्रमाच्या अकरा व्रतांत अस्वाद हे एक व्रत नव्हते काय? जिभेचे चोचले पुरवावयाचे नाहीत, अन्न शरीर राखण्यापुरते घ्यावयाचे, असा ज्यांचा नेम, त्यांनी चहासारख्या क्षुल्लक वस्तूची तक्रार का करावी? प्रश्न रास्त आहे. परंतु गांधीजींनी चहा बेचव असल्याचे गाऱ्हाणे मांडले नव्हते. तो गलिच्छ होता, आणि तो पिणाऱ्या गरिबाला दुसरा चहा मिळण्याची सोय नव्हती, हे त्यांचे म्हणणे होते. शिवाय त्याच अकरा व्रतांत भयवर्जन, म्हणजे निर्भयता, हेही एक व्रत आहे. ताटात पडेल ते निमूट खाणारा मनुष्य दर वेळी अस्वादव्रतीच असतो, असे नाही. पुष्कळदा तो नुसता भिडस्त असतो.

आता आपल्या सहलीकडे या. तर्री कोणाला तिखट लागली असती, तर तो ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न होता. त्यासाठी मालकाला दोष देण्याचे कारण नाही. पेल्याची गोष्ट निराळी. कॉलरा, विषमज्वर, हगवण, कावीळ ह्यांसारखे रोग दूषित पाण्यातून आणि अस्वच्छ भांड्यांतून पसरतात. तो बुळबुळीत पेला आपल्यामागून त्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांना लागणार आहे. तेलाचेही तसेच. पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलात अपायकारक घटक वाढत जातात. त्यांपैकी ध्रुवीय संयुगे नावाच्या घटकांचे प्रमाण शेकडा २५ हून अधिक झाले की ते तेल वापरू नये, असा नियम आपल्या देशात २०१८ पासून लागू आहे.

आणि ज्याच्यावर त्या मुलाने आवाज चढविला, त्याचा अपराध तरी कोणता? बादली एक असावी की दोन, तेल कधी बदलावे, हे पेले आणून ठेवणारा ठरवीत नाही. ते गल्ल्यावर बसलेला मालक ठरवितो. परंतु गल्ल्यापर्यंत जाण्यास धैर्य लागते आणि समोर उभ्या असलेल्या गरिबावर ओरडण्यास ते लागत नाही. एके काळी उपाहारगृहांतून "ए पोऱ्या!" अशी हाक सर्रास ऐकू येई, आणि ती ऐकून धावत येणारा बहुधा तुमच्याच वयाचा असे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना उपाहारगृहांत, ढाब्यांवर आणि चहाच्या टपऱ्यांवर नोकरीस ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. तरीही असा एखादा मुलगा पेले विसळताना दिसलाच, तर आलूबोंड्यांची तक्रार बाजूला ठेवा आणि आधी त्याची गोष्ट गुरुजींना किंवा पालकांना सांगा. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

त्या सकाळी मुलांनी गुरुजींच्या अनुमतीने मालकाला एखादी चिठ्ठी दिली असती, तर ती कशी असावयास हवी होती? माझ्या मते साधारणपणे अशी :

"मालक महाशयांस सप्रेम नमस्कार. आज सकाळी सव्वाआठ वाजता आम्ही बावीस विद्यार्थी आपल्याकडे पोहे आणि आलूबोंडे खाण्यास आलो होतो. आमच्या टेबलावरील सहा पेल्यांपैकी चार पेले आतून बुळबुळीत होते. टेबल पुसण्याचे फडके आणि पेले एकाच बादलीत बुडविले जात असल्याचे आम्ही पाहिले. आलूबोंड्यांना वास येत होता. तेल जुने असावे असे आम्हांस वाटते, परंतु ते आम्ही पाहिलेले नाही. पेल्यांसाठी स्वतंत्र पाणी ठेवावे, ही विनंती. तर्री आम्हां सर्वांना फार आवडली. वाढणाऱ्या काकांविषयी आमची काहीही तक्रार नाही."

अशी चिठ्ठी हाती पडल्यावर रागावणारे मालक थोडे असतात. पुष्कळांना तर ती मिळाल्याचा मनातून आनंदच होईल. कारण न बोलता उठून गेलेला गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि तो का आला नाही हे मालकाला कधीच कळत नाही. शिवाय दुसरी बादली आणण्यास फारसा खर्च येत नाही.

मालकाने चिठ्ठी चुरगाळून फेकून दिली तर? पूर्वी अशा वेळी हात चोळीत बसण्यावाचून गत्यंतर नसे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी ह्यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यानुसार जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक तक्रार निवारण आयोग आहेत. तेथे वकील केलाच पाहिजे असे नाही. आणि वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्कही पडत नाही. ग्राहक अल्पवयीन असल्यास त्याच्या वतीने आईवडिलांना तक्रार करता येते. अन्नाच्या स्वच्छतेविषयीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे नेता येते. उपाहारगृहाला मिळालेला चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक तेथे लावलेला असतो. तो आणि पावती जवळ असली की काम सोपे होते. म्हणून पावती मागून घेण्यास लाजू नये. १९१५ ह्या क्रमांकावर ग्राहकांना दूरध्वनीवरून सल्ला मिळतो. तो क्रमांक आणि गांधीजी भारतात परतले ते साल एकच, हा निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवण्यास सोयीचा. तथापि एका बुळबुळीत पेल्यासाठी कोणी लगेच आयोगाकडे धाव घेऊ नये. आधी मालक, मग प्रशासन, मग आयोग, हीच शहाणपणाची वाट.

पेला आणि तेल ह्यांच्या पलीकडेही एक तक्रार होती. आपल्या देशातील उपाहारगृहांविषयीची ती सर्वांत मोठी तक्रार. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लक्षावधी माणसांना तेथे बाकावर बसू दिले जात नसे. चहा मिळालाच तर तो निराळ्या ठेवलेल्या कपात मिळे आणि तो कप पिणाऱ्यानेच धुऊन ठेवावा लागे. तेथे चहा किती गोड झाला आहे, हे सांगण्याचा प्रश्नच येत नव्हता. २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले, तेव्हा त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि उपाहारगृहे ह्यांचा स्पष्ट उल्लेख झाला : धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्यांवरून कोणालाही तेथे मज्जाव करता येणार नाही. १९५५ साली असा मज्जाव शिक्षेस पात्र ठरविणारा कायदा झाला. एखाद्या गावी आजही कोणासाठी निराळा कप ठेवलेला दिसला, तर तो नुसता वाईट पाहुणचार नव्हे, तो गुन्हा आहे.

ह्या कायद्यांच्या कितीतरी आधी कोल्हापुरात अशी एक तक्रार झाली होती. राजसेवेत असलेल्या गंगाराम कांबळे ह्यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. त्यांनी ती मुकाट्याने गिळली नाही. थेट छत्रपती शाहू महाराजांच्या कानी घातली. महाराजांनी त्यांना स्वतःचे चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले. अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास लोक कचरू लागले, तेव्हा महाराज स्वतः त्या दुकानापाशी गाडी थांबवीत, चहा मागवीत, आपण घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत.