गीता १८.१४ : पाचवं कारण

आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला चौदावा. कर्मामागे भगवंत पाच कारणं सांगतात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, चेष्टा आणि शेवटी दैव. क्रम बघा. दैव आहेच, पण एकटं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये पैठणला जायकवाडीचे २७ दरवाजे उघडले, तेव्हा ताडकळसकडच्या आम्हा पुण्यातल्या पोरांचा जीव फोनमध्ये अडकला होता. गोदावरी फुगली की ओढ्याचं पाणी नदीत शिरत नाही, उलटं शेतात पसरतं. उभं सोयाबीन जातं. गावाकडून एकच उत्तर, "देवाच्या मनात असेल ते होईल." मला ही भक्ती निम्मीच वाटते. पैठणचं पाणी परभणी जिल्ह्यात पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात जनावरांची दावी सोडता येतात, सातबारा-पासबुक प्लास्टिकमध्ये बांधता येतं, म्हाताऱ्यांना उंचावरच्या घरी नेता येतं. हीच चेष्टा. (चेष्टा म्हणजे इथे मस्करी नव्हे, प्रयत्न!)

आणि पीक गेलंच तर? सोळावा श्लोक म्हणतो, जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही. कर्ज काढून पेरलेला बाप नेमकं तेच करतो, सगळा दोष स्वतःवर घेतो. आज घरी फोन लावाल तेव्हा आधी एवढं बोला, "बाबा, यात तुमचं काही चुकलं नाही." पंचनाम्याचं नंतर विचारा.