इन्स्टॉल करण्याआधी व्हर्जन विचारा: महाड-पोलादपुरात वेबसाईटचा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी

आजचा धडा महाड, पोलादपूर भागात घरबसल्या वेबसाईट, बिलिंगचं सॉफ्टवेअर, छोटी अ‍ॅप्स करून देण्याचा धंदा सुरू करू पाहणाऱ्यांसाठी आहे. गिऱ्हाईक कसं मिळवायचं हा वेगळा विषय. आज त्याच्याही आधीची अडचण बघू. कामासाठी लॅपटॉपवर जे सामान बसवावं लागतं ते बसतच नाही, बसलं तर चालत नाही, आणि तुमच्याकडे चाललं तर गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर बंद पडतं. कॉलेजच्या लॅबमध्ये हे कळत नाही, मग ते कॉलेज लोणेऱ्याचं असो की मुंबईचं. तिथे सगळं कुणीतरी आधीच बसवून ठेवलेलं असतं. धंद्यात उतरलात की लॅब असिस्टंट तुम्हीच.

व्हिडिओत कमांड स्क्रीनवर दिसतात. इथे त्या बोलताना म्हणतो तशाच लिहितोय.

एक उदाहरण धरून चालू. समजा रायगडाच्या वाटेवर एक लॉज आहे आणि त्याची वेबसाईट दहा-बारा वर्षं जुनी आहे. मालक म्हणतात, "बुकिंगचा फॉर्म बंद पडलाय, ६ जूनच्या आधी चालू करून द्या." ६ जूनला गडावर शिवराज्याभिषेक दिन. त्या दिवसांत गडाखाली खोल्यांना मागणी किती असते ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही ८,००० रुपयांत काम घेतलंत आणि चार दिवसांत होईल असं धरलंत. ते चारही दिवस नुसत्या इन्स्टॉलेशनमध्ये गेले तर त्या कामात तुम्हाला काय सुटलं? आणि मालकांचं बुकिंग बुडालं तर गावात नाव कुणाचं खराब होणार?

आता बहुतेक जण काय करतात? झॅम्पची सर्वांत नवी व्हर्जन उतरवतात, साईटच्या फाईली त्यात टाकतात आणि ब्राउझर उघडतात. समोर लाल अक्षरांत येतं की "मायएसक्यूएल कनेक्ट" नावाचं फंक्शनच सापडत नाही. मग झॅम्प काढा, परत टाका, दुसऱ्या ड्राइव्हवर टाका, अँटिव्हायरस बंद करा. संध्याकाळ होते आणि एरर जागच्या जागी.

इथे इन्स्टॉलेशनमध्ये काहीच बिघडलेलं नाही. जुन्या पीएचपीत डेटाबेसला जोडण्यासाठी "मायएसक्यूएल कनेक्ट" वापरायचे. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आली आणि ते काढून टाकलं गेलं. तुमच्या झॅम्पमध्ये पीएचपी ८ आहे. जुन्या मिक्सरवर नव्या मॉडेलचं भांडं बसत नाही तसंच हे. भांडं दहा वेळा धुतलंत तरी बसणार नाही.

पहिला फोन गिऱ्हाइकाला

म्हणून लॅपटॉपला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाच्या होस्टिंगचं लॉगिन मागा. सीपॅनेल असेल तर त्यात पीएचपी व्हर्जन निवडायचं पान असतं. पीएचपी माय अ‍ॅडमिन उघडलं की पहिल्याच पानावर डेटाबेस सर्व्हरचं नाव आणि व्हर्जन लिहिलेली असते. दोन्हींचे फोटो काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

समजा तिथे पीएचपी ८.१ दिसली. म्हणजे होस्टिंगवाल्याने कधीतरी व्हर्जन वाढवली आणि त्या दिवसापासून फॉर्म मेला. मालकांना वाटतंय वेबसाईट आपोआप खराब झाली. आता रस्ते दोन. व्हर्जन मागे नेता येत असेल तर साईट आज संध्याकाळी चालू होईल, पण जुन्या पीएचपीला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. पीएचपी ७.४ चेसुद्धा नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाले. ज्या फॉर्ममध्ये लोक नाव आणि फोन नंबर भरतात तो अशा व्हर्जनवर वर्षभर ठेवणं मला पटत नाही. दुसरा रस्ता म्हणजे कोड "मायएसक्यूएलआय"वर आणणं. त्याला वेळ लागतो आणि त्याचे पैसे लागतात. माझं मत विचाराल तर सीझन तोंडावर असेल तेव्हा पहिला रस्ता पंधरा दिवसांपुरता घ्या, मालकांना तसं लेखी कळवा आणि दुसऱ्याचं कोटेशन त्याच कागदावर द्या.

तुमच्या लॅपटॉपवर मात्र सर्व्हरशी जुळणारीच पीएचपी हवी. दोन झॅम्प दोन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवता येतात, फक्त एका वेळी एकच चालू करा. अपाचे सुरूच होत नसेल तर बहुधा पोर्ट ८० दुसऱ्या कुणीतरी अडवलेला असतो. झॅम्पच्या खिडकीतलं नेटस्टॅट बटण दाबलं की कुणी ते दिसतं.

डेटाबेस उतरवून आणताना आणखी एक अडचण येते. होस्टिंगवर मायएसक्यूएल ८ असेल तर टेबलांना बहुतेक वेळा ०९०० आकडा असलेलं कोलेशन लागलेलं असतं. झॅम्पमध्ये मायएसक्यूएल नसून त्याचा भाऊबंद मारियाडीबी आहे, आणि त्याच्या जुन्या व्हर्जनला हे कोलेशन माहीतच नाही. इम्पोर्ट अर्ध्यात थांबतो. एसक्यूएल फाईलची कॉपी करा आणि कॉपीत ते नाव बदलून "यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय" करा. इम्पोर्टनंतर खोल्यांची मराठी नावं नीट दिसतायत का ते लगेच बघा. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर कनेक्शनचं कॅरेक्टर सेट चुकलंय. तशा अवस्थेत एकही नोंद सेव्ह करू नका, कारण एकदा प्रश्नचिन्ह म्हणून सेव्ह झालेलं नाव परत मिळत नाही.

सेकंडहँड लॅपटॉप घेताना

सुरुवातीला जुना लॅपटॉप घेण्यात काहीच गैर नाही. पण विंडोज ७ चा घेणार असाल तर ऐका. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. पायथन ३.९ पासून पुढची कोणतीही व्हर्जन त्यावर चालत नाही. ३.८ चालते, पण तिचाही सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. नोड १४ पासून पुढे तेच. तुम्ही शिकवणीच्या व्हिडिओत नवी व्हर्जन बघणार, हातात जुनी असणार आणि आपल्यालाच जमत नाही असं वाटत राहणार. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन विंडोज ११ घेत नसेल तर त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाका. वेबसाईटच्या कामाला ते उलट बरं पडतं.

४ जीबी रॅमवर अँड्रॉइड स्टुडिओ टाकायचा विचार सोडून द्या. ८ जीबी ही सुरुवात समजा.

विंडोज नवीन टाकताना युजरचं नाव मराठीत किंवा मध्ये जागा सोडून देऊ नका. आपल्याकडे हौसेने नाव देवनागरीत टाकतात. त्याच नावाचं फोल्डर तयार होतं, आणि अँड्रॉइडचं एसडीके इंग्रजीबाहेरच्या अक्षरांवर अडतं. नंतर दाखवायचं नाव बदललं तरी फोल्डर तेच राहतं. नवीन युजर साध्या इंग्रजी अक्षरांत उघडणं सोपं.

पायथन: दिवाळीची व्हर्जन शिमग्याला

पायथनची नवी व्हर्जन हल्ली दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते. ती पहिल्या आठवड्यात टाकली की घोळ सुरू होतो. पायथन स्वतः नीट बसतो, पण त्याच्या लायब्ररींची तयार पॅकेटं त्या व्हर्जनसाठी अजून आलेली नसतात. मग पिप ती लायब्ररी तुमच्याच मशीनवर बांधायला जातो आणि मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस नाही म्हणून थांबतो. लोक ते काही जीबींचं सामान उतरवत बसतात. बऱ्याचदा त्याची गरजच नसते, एक व्हर्जन मागची पायथन घेतली की काम होतं. जुन्या कोडच्या बाबतीत उलटंही होतं. ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मधून डिस्टयुटिल्स नावाचा भाग काढून टाकला आणि त्यावर उभ्या असलेल्या कित्येक जुन्या लायब्ररी बसेनाशा झाल्या. म्हणून दिवाळीच्या सुमारास आलेली व्हर्जन शिमग्याला घ्या.

पायथन टाकल्यावर कमांडमध्ये "पायथन" लिहिलं आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडलं, असं झालंय? पायथन आहे, पण विंडोजला त्याचा पत्ता माहीत नाही. इन्स्टॉल करताना पहिल्या खिडकीत खाली पाथची खूण करायची राहिली. इन्स्टॉलर परत चालवून ती खूण करता येते, तोवर "पीवाय" ही कमांड वापरा. एकापेक्षा जास्त पायथन असतील तर "व्हेअर पायथन" लिहा. ज्याचा पत्ता सर्वांत वर येतो तोच चालतो.

आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम वेगळ्या व्हेन्वमध्ये. एकाच्या कामासाठी लायब्ररी अपडेट केली आणि दुसऱ्याचं बिलिंग बंद पडलं, हे त्यामुळे टळतं. काम झालं की "पिप फ्रीज" करून यादी रिक्वायरमेंट्सच्या फाईलमध्ये घ्या. नोडमध्ये हेच काम पॅकेज-लॉकची फाईल करते. तिला कचरा समजून उडवू नका आणि नव्या मशीनवर "एनपीएम इन्स्टॉल"ऐवजी "एनपीएम सीआय" चालवा, म्हणजे अगदी त्याच व्हर्जन येतात. जुना रिअ‍ॅक्टचा प्रोजेक्ट नोड १७ किंवा पुढे "डिजिटल एन्व्हलप" अशा काहीतरी एररने थांबला तर नोडमधलं ओपनएसएसएल बदललंय. नोड १६ वर तो चालून जातो, पण पक्का इलाज वेबपॅक वाढवणं हाच.

लाईट, नेट आणि पाणी

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत पावसाळ्यात नेट आणि लाईट दोन्हींचा भरवसा नसतो. अर्धवट उतरलेला इन्स्टॉलर विचित्र एरर देतो आणि दोष मशीनला जातो. जिथे नेट चांगलं आहे तिथे बसून पूर्ण ऑफलाईन इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घ्या. कंपनीच्या पानावर शा-२५६ असा लांबलचक आकडा दिलेला असतो. विंडोजमध्ये "सर्टयुटिल हॅशफाईल" चालवून तो जुळतो का ते बघा. जुळला नाही तर फाईल फेकून द्या. पायथनच्या लायब्ररीही "पिप डाउनलोड"ने आधी घेऊन ठेवता येतात आणि नंतर नेटशिवाय बसवता येतात. फक्त ज्या मशीनवर उतरवाल तिथली पायथन आणि विंडोज सारखी असू द्या.

२२ जुलै २०२१ महाडमध्ये कुणी विसरलेलं नाही. सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानांतलं सामान गेलं, तशी कॉम्प्युटरही गेली. तुमचा लॅपटॉप उद्या पाण्यात गेला तर नव्या मशीनवर अर्ध्या दिवसात काम सुरू होईल का? कोड गिटवर, खासगी रिपॉझिटरीत. तो तालुक्याबाहेर कुठेतरी सुरक्षित राहतो. पण कोड परत आला तरी तो कशावर चालत होता हे कळलं नाही तर परत चार दिवस गेले. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कोडसोबत एक साधी मजकुराची फाईल ठेवा. त्यात विंडोज कोणती, भाषेची व्हर्जन, डेटाबेस, होस्टिंगवर काय आहे, इन्स्टॉल करताना कोणती खूण केली आणि कोणती एरर कशाने गेली हे लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल.

एरर वाचण्याबद्दल एक. पायथनची खरी ओळ बहुधा सर्वांत खाली असते, एनपीएमची बऱ्याचदा वरच्या भागात. तीच ओळ शोधा, पण त्यातलं स्वतःच्या फोल्डरचं नाव काढून टाका आणि व्हर्जनचा आकडा ठेवा. सापडलेलं उत्तर कोणत्या वर्षाचं आहे ते बघितल्याशिवाय एकही कमांड चिकटवू नका. २०१४ चं उत्तर आजच्या मशीनवर चालवलं की एकाचे दोन बिघाड.

आता लॉजच्या कोटेशनकडे परत. त्यात इतकं लिहा: "साईट पीएचपी ८.१ वर तपासून दिली आहे. होस्टिंग कंपनीने पुढे व्हर्जन बदलल्यास दुरुस्तीचा दर वेगळा राहील. जुना कोड तपासण्याचे ५०० रुपये, काम दिल्यास ते बिलातून वजा." ५०० हा माझा अंदाज, तुमच्या वाडीत ३०० चालत असतील तर ३०० लिहा. मालक कुरकुरले तर होस्टिंगच्या पानाचा काढलेला फोटो दाखवा. साईट आपोआप खराब झाली नाही हे त्यांना दिसेल.

तारखाही त्याच कागदावर टाका. नवा कोड २० मेपर्यंत होस्टिंगच्या सबडोमेनवर चालू, म्हणजे सर्व्हरचीच पीएचपी आणि सर्व्हरचाच डेटाबेस. २५ मेला मालकांच्या मोबाईलवरून दोन खोट्या बुकिंग करून बघायच्या, एक मराठी नावाने, एक इंग्रजी. त्यानंतर मूळ साईट बदलायची. १ जूनपासून ७ जूनपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, आणि होस्टिंगच्या पॅनेलमध्ये व्हर्जन आपोआप वाढण्याची सोय असेल तर ती त्याआधी बंद करून ठेवायची.