गिनी पिगनं खाणं सोडलंय ना? ऐक माझं

अगं, आधी डोळे पूस आणि त्याला मांडीवर घे. ‘भूक लागली की खाईल आपोआप’ असं तुला सगळे सांगत असतील, पण ते ऐकू नकोस. बघ, कुत्र्याला एखादा दिवस उपास घडला तरी निभावतं, याला नाही. याचं आतडं चारा येत राहिला तरच हलतं. अर्धा दिवस पोट रिकामं राहिलं की ते मंदावतं, गॅस धरतो, आणि पोट दुखतं म्हणून तो अजूनच खात नाही. म्हणून सकाळची वाट बघायची नाही. आजच डॉक्टरांना गाठ.

खरं सांगू का, यवतमाळात पशुवैद्यकाच्या टेबलावर बैल, गाय, शेळी रोज येते, गिनी पिग क्वचित. तरी संकोच न करता ने. फक्त एक गोष्ट ठामपणे सांग: अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन तोंडावाटे नको. त्यानं याच्या आतड्यातले कामाचे जंतू मरतात आणि जिवावर बेततं. घरातल्या डब्यात उरलेल्या माणसांच्या गोळ्यांना तर हातही लावू नकोस.

दाढाही बघायला सांग. याचे दात जन्मभर वाढतात. दाढा वाढून जिभेवर वाकल्या की गवत तोंडात घेतो, चघळतो नि टाकून देतो, हनुवटी ओली राहते. पुढचे दात छान दिसले म्हणून निश्चिंत होऊ नकोस. भूल देऊन दाढा घासायची वेळ आलीच, तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1958 पासूनचं. आधी फोन करून विचार, मगच नीघ.

तोवर भरवायचं काम तुझं. पोटाला हलकेच हात लाव; ढोलासारखं ताणलेलं असेल तर काहीही भरवू नकोस, थेट दवाखाना. मऊ असेल तर त्याच्या पेलेट्स मिक्सरमधून काढ, कोमट पाण्यात भिजव, गाळून पातळ लापशी कर. मेडिकलमधून 1 मिलीची सिरिंज आण, सुई काढून टाक. त्याला टॉवेलात गुंडाळून सरळ बसव, पाठीवर कधीच नाही. पुढच्या दातांमागे बाजूला मोकळी जागा असते, तिथून थेंबथेंब सोड. तो चावतोय, गिळतोय हे दिसू दे, मगच पुढचा थेंब. घाई केलीस तर श्वासनलिकेत जाईल गं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. एक रात्र तू जाग, दुसरी आईला जागू दे. एकटीनं सगळं ओढू नकोस.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिही. लेंड्याही बघ: बारीक, कोरड्या, कमी झाल्यात की आतडं अजून अडलंय. माणसासारखंच याचं शरीर सी जीवनसत्त्व तयार करत नाही, त्यामुळे पेरूची बिया काढलेली फोड, ढोबळी मिरची, थोडा सांबार (कोथिंबीर) पुढे ठेव. पाण्याच्या बाटलीत सीचे थेंब टाकण्यात अर्थ नाही, ते लवकर निष्प्रभ होतात.

हिरवं गवत मात्र बघून आण. कपाशीच्या बांधावरचं नकोच. 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले, ते विसरलीस का? हा तर किलोभराचाही नाही. अंगणातली, न फवारलेली हराळी धुऊन दे. ज्वारीचा कोवळा पोंगाही देऊ नकोस, त्यात विष असतं.

आणि आपला मे महिना! तिशीच्या वर पारा गेला की हे जीव धापा टाकतात, इथे तर चाळिशी ओलांडते. कूलर त्याच्या थेट अंगावर नको, पण खोली गार असू दे. नागपूरला न्यायचं ठरलं तर पहाटेच नीघ. गारठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेव, जोडीदार असेल तर त्यालाही सोबत घे, आणि वजनाची वही, लापशीचा डबा, सिरिंज वरच्याच कप्प्यात असू दे. रस्त्यातही भरवायची वेळ चुकवायची नाही.