दामाजीपंतांचे कोठार आणि आमची पंगत

दामाजीपंतांचे चरित्र आम्ही गेली चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करून मरू लागली, आणि बेदरच्या बादशहाच्या या अधिकाऱ्याने सरकारी कोठार रयतेला मोकळे केले. पुढे जीवावर बेतले, तेव्हा विठुरायाने महाराचे रूप घेऊन धान्याची रक्कम दरबारात भरली. हे सांगताना श्रोत्यांचे डोळे पाणावतात, आमचाही कंठ दाटतो. आणि मग सारे उठून पंगतीला बसतात.

गेल्या माघात त्याच मंगळवेढ्याकडच्या एका गावी सप्ताह होता. हे चरित्र सांगून आम्ही पानावर बसलो. पानात पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि बुंदी. शेजारी एक म्हातारे माळकरी शेतकरी बसले होते. ते हळूच म्हणाले, "महाराज, दामाजीपंतांनी कोठार उघडलं, त्यातली ज्वारी या पंगतीत कुठं दिसती का?"

आम्ही हसण्यावारी नेले. पण घास काही नीट उतरला नाही.

दुसरे दिवशी सकाळी ते आम्हांस आपल्या रानात घेऊन गेले. एक एकर मालदांडी कणसात उभी होती. बाकी सगळा ऊस. म्हणाले, "एवढा एकरच राहिलाय. काढायला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला पोर नाही. आणि खाणारा तरी कोण? माझी नातवंडंच पोळी मागत्यात. आता हस्ताला पेरू का मोडून टाकू, तुम्हीच सांगा."

आम्ही शास्त्र पढलेली माणसे, पण उत्तर सुचले नाही. पुढचे काही महिने त्यावर जो विचार केला, तोच या पाठात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अन्न म्हणजे काय?

'अन्न' हा शब्द 'अद्' म्हणजे खाणे या धातूपासून झाला. तैत्तिरीय उपनिषद त्याचा दुहेरी अर्थ सांगते : प्राणी ज्याला खातात ते अन्न, आणि जे प्राण्यांना खाते तेही अन्नच. पाठशाळेत हे वचन आम्ही घोकून पाठ केले. पुढे शिकवलेही. पण दुसऱ्या अर्धाचा अर्थ आम्हांस कळला तो वयाच्या साठीत, डॉक्टरांनी रक्त तपासून "महाराज, साखर वाढली आहे" असे सांगितले तेव्हा.

गंमत पाहा. प्रमेहाची कारणे चरकसंहितेत स्पष्ट दिली आहेत : बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, नवे धान्य, गुळाचे पदार्थ. आम्हां कीर्तनकारांची दिनचर्याच जणू कोणी लिहून ठेवावी! रात्री कीर्तन, उशिरा पंगत, पंगतीत गोड, सकाळी उशिरापर्यंत झोप, पुढच्या गावी मोटारीने प्रवास. पायी वारी वर्षातून एकदा, आणि बुंदी वर्षभर. श्लोक पाठ होता, पण तो आपल्याविषयी आहे हे ध्यानी आले नव्हते.

डॉक्टरांनी औषध दिले, ते आम्ही घेतोच. त्याबरोबर चालणे सांगितले, गोड बंद केले, आणि पुरी-भाताऐवजी भाकरी, डाळ, पालेभाजी खा म्हणून सांगितले. ज्वारी कोंड्यासकट दळली जाते, म्हणून तिच्यात तंतू राहतात, मॅग्नेशियम राहते, लोह राहते. पांढऱ्या शुभ्र तांदळाचा वरचा थर गिरणीतच जातो, आणि त्याबरोबर त्यातले बरेच सत्त्वही जाते.

मात्र येथे एक सावधानता सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे नुसते स्तोत्र होईल. भाकरी चांगली म्हणून नुसती भाकरीच खावी, असे नाही. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या पठारावरील गोरगरिबांत आढळणाऱ्या पेलाग्रा नावाच्या रोगाचा अभ्यास केला. त्यात अंगावर चट्टे पडतात, पोट बिघडते, बुद्धी भ्रमते. हे लोक जवळजवळ केवळ ज्वारीवरच जगत होते, आणि शरीराला लागणारे नायसिन नावाचे जीवनसत्त्व त्यांना पुरेसे मिळत नव्हते. आता पाहा, सोलापूरकडे भाकरीबरोबर काय असते? शेंगदाण्याची चटणी, आणि शेंगदाण्यात तर नायसिन भरपूर! जोडीला डाळीची आमटी, ताक, हिरवी भाजी. आमच्या आज्यांनी जीवनसत्त्वाचे नाव ऐकले नव्हते, पण पानात काय शेजारी-शेजारी असावे हे त्यांना ठाऊक होते. भाकरी घेतली आणि चटणी-कालवण सोडले, तर अर्धाच धडा घेतला असे होईल.

रानाचे गणित

देहाचे झाले, आता रानाकडे वळू. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी एक चक्र सांगितले आहे : प्राणी अन्नापासून, अन्न पावसापासून, पाऊस यज्ञापासून, यज्ञ कर्मापासून. हे चक्र जो चालवीत नाही, नुसता भोगतो, त्याचे जिणे व्यर्थ, असेही तेथेच म्हटले आहे. म्हणजे अन्नाचा विचार पावसाला सोडून करताच येत नाही.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. रब्बीची ज्वारी या पावसाला ओळखून आहे. भाद्रपद-आश्विनात पेरतात, पाऊस परतून जातो, आणि पुढे काळ्या भारी जमिनीने पोटात साठवलेल्या ओलीवर आणि थंडीवर ती वाढते. माघ-फाल्गुनात काढणी होते. धान्य माणसाला, कडबा गुरांना. गुरांचे शेण परत रानाला. ज्वारीत करडईचे तास असत, म्हणजे तेलही त्याच रानातून येई. शेजारच्या तुकड्यात हरभरा. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. यज्ञचक्र म्हणतात ते असे डोळ्यांनी दिसते.

या मुलखाची मालदांडी काही सामान्य नव्हे. तिच्यातूनच निवड करून मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात 'एम ३५-१' हा वाण निघाला, तो अजून पेरला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ हे वर्ष तर भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. मान पुष्कळ मिळाला. पान मात्र मिळाले नाही.

उसाचे तसे नाही. तो बारा ते अठरा महिने रानात उभा असतो आणि त्यास दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी लागते. आकाशातून येते त्याच्या चौपट! उरलेले धरणातून नाहीतर विहिरीतून उपसायचे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, आणि ज्या जिल्ह्यात ज्वारीची रास पडे तो साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर गेला. पाण्याने पुष्कळांच्या घरात सुख आले, हे खरे आहे. त्याला नाव ठेवणे कृतघ्नपणा होईल. पण काळ्या जमिनीस वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिले आणि निचरा झाला नाही, की खालचे क्षार वर येतात, रान पांढरे पडते, मग त्यात काहीच उगवत नाही. म्हणजे अन्न आपल्याला खाते तसे ते जमिनीलाही खाते!

भाकरी पानातून उठली कशी?

दोष शेतकऱ्याला देणे सोपे आहे. पण उसाला ठरलेला दर आहे, कारखाना उचल करतो. ज्वारीला तसा खात्रीचा गिऱ्हाईक कुठे आहे? रेशनच्या दुकानावर बहुतेक गहू आणि तांदूळच मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचेही नाव आहे, पण नावाने पोट भरत नाही.

आणि आपले मन? १९७२ चा दुष्काळ आम्हांस आठवतो. आम्ही तेव्हा दहा-बारा वर्षांचे होतो. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, दुष्काळी कामावरची सुकडी, हे आम्ही खाल्ले आहे. त्या दिवसांपासून अनेकांच्या मनात भाकरी म्हणजे गरिबी आणि पोळी म्हणजे बरकत हे पक्के बसले. सणाची पोळी रोजची झाली, आणि पंगतीत भाकरी वाढणे हा पाहुण्याचा अपमान ठरला. आमच्यासारख्यांना 'महाराज' म्हणून तूप-साखरेचे पान वाढले गेले, आणि आम्ही ते घेतले. शेतकऱ्याची ज्वारी मोडण्यात आमच्या पानाचाही वाटा आहे, हे आम्ही येथे लिहून कबूल करतो.

एकादशीचेही तेच. उपवास म्हणजे साबुदाणा, असे समीकरण झाले आहे. साबुदाणा येतो मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमकडून, टॅपिओकाच्या कंदापासून; तो जवळजवळ नुसता स्टार्च आहे. आपल्याच डोंगरउतारावरची वरई, राजगिरा, शेंगदाणे ही उपवासाला चालतातच. मग खिचडीचा एवढा आग्रह कशाला?

आता करावे काय?

त्या म्हाताऱ्या माळकऱ्यास उत्तर द्यायचे, तर हिशोबानेच दिले पाहिजे. सप्ताहात एका वेळेस दोनशे माणसे जेवतात असे धरा. माणशी दोन भाकरी, सात दिवस : २८०० भाकरी. एका भाकरीस ९० ग्रॅम पीठ धरले तर अडीच क्विंटल ज्वारी. कोरडवाहू एकराला चार-पाच क्विंटल उतरते. म्हणजे दोन गावांच्या सप्ताहांनी दिवसाची एक पंगत भाकरीची केली, की एका शेतकऱ्याचा एक एकर उभा राहिला!

कोणी म्हणेल, "महाराज, रोजच्या चारशे भाकरी थापणार कोण?" प्रश्न रास्त आहे. चुलीपुढे बसणाऱ्या माउलींच्या कष्टावर आम्ही धर्म सांगू नये. पण घरोघरच्या भाकरी गोळा करण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. चाळीस घरे, घरटी दहा भाकरी, की झाल्या चारशे. आणि पुरुषांनीही परातीपुढे बसावे. आम्ही या वयात शिकलो. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, दहावी फुगली.

आम्ही स्वतःपुरते ठरवले ते असे. ज्या सप्ताहाचे आमंत्रण येईल, तेथे नारळ स्वीकारतानाच सांगतो : एक वेळ भाकरी, आमटी, शेंगाचटणी, ज्वारी गावातल्याच शेतकऱ्याकडून, रोख पैसे देऊन. काही गावांनी मान डोलावली. एका गावी मात्र, "महाराज, लोक नावं ठेवतील," म्हणून बुंदीच झाली. आम्ही रागावलो नाही. कालपर्यंत आम्हीही तेच जेवत होतो.

त्या माळकऱ्यास आम्ही निरोप धाडला : "हस्ताला पेरा. येत्या माघात तुमच्या गावचा सप्ताह आणि आमच्या दिंडीची मंडळी मिळून तो एकर घेतील. दर तुम्ही आम्ही बसून ठरवू." त्यांचे उत्तर आले, "पेरतो. पण महाराज, जेवायला तुम्ही या."

जाणार आहोत. दामाजीपंतांनी जीव धोक्यात घालून कोठार उघडले. आपल्याला तर पुरी बाजूला ठेवून भाकरी मागायची आहे, एवढेच. वाचकांनी आपापल्या गावच्या सप्ताहाच्या बैठकीत हा विषय काढावा, ही विनंती.

॥ रामकृष्णहरी ॥