मृतांस माती देणे व त्यांची आठवण ठेवणे

पाठाकरिता वाचन : उत्पत्ति, अध्याय २३, यहोशवा, अध्याय २४, ओवी ३२.

खेड्यात आमच्या मंडळीतल्या एखाद्याचे प्रेत पुरावयास निघाले म्हणजे, ही परक्यांची रीत आहे, आपल्या मुलखात प्रेताला अग्नी देतात, असा टोमणा कित्येकदा ऐकू येतो. नवीन विश्वासणारा त्या वेळी आधीच दुःखात असतो. त्यात हे शब्द ऐकून तो खजील होतो व उपदेशकाकडे पाहतो. उपदेशकाने तेव्हा काय सांगावे, हा आजचा विषय. वादात समोरच्यास गप्प बसविण्याकरिता आम्ही हे लिहीत नाही. खरे काय ते ठाऊक असले म्हणजे मन स्थिर राहते, एवढाच आमचा हेतू.

पुरण्याची चाल परकी आहे काय, ह्याचे उत्तर बीड जिल्ह्याची भूमीच देते. मांजरसुंब्याजवळ कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी आहे आणि कार्तिकी पौर्णिमेस तेथे दूरदूरचे वीरशैव लोक यात्रेस जमतात. परळी, अंबाजोगाई व बीड येथे लिंगायत बांधवांची पुष्कळ घरे आहेत. त्यांच्यात प्रेतास अग्नी देत नाहीत. मृतास स्नान घालून, कपाळी भस्म लावून, बसलेल्या स्थितीत खड्ड्यात ठेवितात. त्याचे इष्टलिंग त्याच्या हाती असते आणि विधी जंगम चालवितो. आपला माणूस मेला असे ते म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला असे म्हणतात. नाथपंथी व गोसावी ह्यांच्यातही समाधी देण्याची चाल आहे. शिवाय, ज्या घरात वडीलधाऱ्यांस अग्नी देतात त्याच घरात तान्ह्या लेकराला बहुधा मातीच देतात, हे कोणत्या खेडुतास ठाऊक नाही? अंबाजोगाईस आद्यकवी मुकुंदराजांची समाधी डोंगराच्या कपारीत दाखवितात, आणि पासोडीवर पंचीकरण लिहिणारे दासोपंत, जे १६१५ साली निवर्तले, त्यांची समाधीही त्याच गावी आहे. मुसलमान बांधवांचे सांगावयासच नको. ते प्रेताला स्नान व कफन घालून, जनाज्याची नमाज पढून, तोंड किब्ल्याकडे करून ठेवितात. तेव्हा पुरणे हे ह्या मुलखाला नवे आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने आधी कपिलधारेपर्यंत जाऊन यावे.

येथे एक गंमतीची गोष्ट सांगतो. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक दक्षिणेत असता बीडच्या मुक्कामी त्याचा एक दात पडला, आणि त्याने तो मोठ्या समारंभाने पुरविला, असे फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेविले आहे. त्या दाताची म्हणून एक कबर बीडनजीक दाखवितात. ज्या राज्यात दुष्काळाने माणसे पटापट मेली, त्या राज्यात धन्याच्या दाताला थडगे मिळाले! मृतांचा मान कित्येकदा प्रीतीने नव्हे तर बडेजावाने केला जातो, आणि थडग्याच्या उंचीवरून पुरलेल्याची किंमत करू नये, हे ह्यावरून मुलांस सहज समजाविता येईल.

आता दुसरी बाजू. पुरल्यानेच मनुष्य ख्रिस्ती ठरतो आणि अग्नी दिल्याने तो विश्वासातून ढळतो, असे आमच्यातील कित्येक भोळे लोक समजतात. तेही बरोबर नाही. महाराष्ट्रातील दोन थोर पुरुषांची उदाहरणे ध्यानात ठेवावी. जोतीराव फुले ख्रिस्ती नव्हते. परंतु आपला देह दहन न करिता मिठात घालून पुरावा, असे त्यांनी आपल्या मृत्युपत्रात लिहिले होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात ते वारले, तेव्हा वस्तीत प्रेत पुरण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून अग्नी द्यावा लागला. त्या प्रसंगी सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरिले. उलट रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आमच्या मंडळीचे कवी. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन झाले. एकाने माती मागितली, त्यास अग्नी मिळाला. दुसऱ्याने ख्रिस्ती असून अग्नी मागितला. पुनरुत्थान करणाऱ्या देवाला माती व राख ह्यांत अडचण ती कोणती? तथापि मंडळीची चाललेली रीत उगीच मोडावी असे आम्ही म्हणत नाही. घरात दोन मते असतील तर मृताची इच्छा आधी पाहावी, आणि प्रेत दाराशी असता भांडण करू नये, एवढेच आमचे म्हणणे.

ह्याहून मोठा प्रश्न जागेचा आहे. जेथे ख्रिस्ती घरे पाच-सात, तेथे वेगळी दफनभूमी बहुधा नसते. कोणाच्या तरी बांधाकडेला, ओढ्याच्या काठी, तोंडी परवानगीवर माती दिली जाते. बाप पुरला तोवर शेताचा मालक स्नेही असतो. मुलाच्या वेळी शेत विकले गेलेले असते व नवा मालक नांगर घालतो. म्हणून उत्पत्तीचा तेविसावा अध्याय उपदेशकांनी सावकाश वाचावा. सारा वारली तेव्हा अब्राहाम हेथी लोकांत उपरा होता. एफ्रोनाने शेत व गुहा फुकट देऊ केली, परंतु अब्राहामाने ती तशी घेतली नाही. त्याने चारशे शेकेल रुपे तोलून दिले; वेशीवर, सर्व गावच्या साक्षीने व्यवहार केला; आणि शेत, गुहा, सीमेच्या आतील झाडे ही सर्व त्यात नावानिशी आली. आजचा सातबारा ह्याहून वेगळे ते काय सांगतो? मकपेल्याच्या त्याच गुहेत पुढे अब्राहाम स्वतः, इसहाक, रिबका, लेआ व याकोब ह्यांस ठेविले. गावच्या वेशीवर झालेला व्यवहार नातवापर्यंत टिकला; तोंडी कृपा इतकी टिकली असती काय?

तेव्हा मंडळीने काय करावे? १९५८ सालच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे दहनभूमी व दफनभूमी ह्यांची व्यवस्था हा ग्रामपंचायतीकडील विषय आहे. लेखी अर्ज करावा, ग्रामसभेत ठराव मांडावा, अर्जाची पोच घ्यावी व ठरावाची नक्कल मंडळीच्या दप्तरात ठेवावी. जुनी जागा असेल तर तिची नोंद शोधावी. आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामच्या राज्यात होता, म्हणून जुने कागद उर्दूत सापडतात. ते वाचून देणारा वडीलधारा मुसलमान गृहस्थ गावात असेल तर त्याचे साहाय्य मागण्यास संकोच करू नये. कोणी भावना दुखविण्याच्या हेतूने दफनभूमीत शिरून कबरांची विटंबना केली तर तो फौजदारी गुन्हा आहे. पण फिर्यादीपेक्षा कुंपण बरे, आणि कुंपणापेक्षा वर्षातून दोनदा सर्वांनी मिळून काट्या-कुसळे काढणे बरे. निगा राखलेल्या जागेत नांगर घालण्यास मनुष्य कचरतो.

शोकाच्या दिवसांविषयी थोडेसे. मृताच्या घरी चूल पेटत नाही आणि भाऊबंद व शेजारी भाकरी करून आणितात, ही आपल्या मुलखाची जुनी चाल फार सुंदर आहे. ती ख्रिस्ती झाल्यावर सुटू देऊ नये. परंतु दहाव्या-तेराव्याच्या जेवणाच्या जागी ‘स्मरणसभा’ असे नाव देऊन तेवढ्याच पंगती उठविणे व त्याकरिता मुकादमाकडून उचल घेणे, हे आम्हांस मुळीच पसंत नाही. त्या एका जेवणाची फेड विधवेला पुढच्या हंगामात ऊस तोडून करावी लागते. शवपेटी नसली तरी चालते. स्वच्छ चादर पुरे. आठवण ठेवावयाची तर मंडळीच्या वहीत मृताचे नाव, गाव, मृत्यूची तारीख व कबरेची जागा लिहावी. पुष्कळ घरांत आजोबांचे नाव आठवते पण आजीचे आठवत नाही. वहीत दोघांचीही नावे असावी.

शेवटी, दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांकरिता. योसेफ मिसरात मेला, परंतु आपल्या अस्थी मागे राहू नयेत असे त्याने भावांकडून वचन घेतले होते, आणि पुष्कळ काळाने त्या शखेमात, याकोबाने विकत घेतलेल्या जमिनीत पुरल्या गेल्या. परमुलखात आपले मनुष्य जाणे किती कठीण, हे पवित्र शास्त्रास ठाऊक आहे. कारखान्याच्या तळावर असा प्रसंग आला तर प्रेत गावी आणणे साधेलच असे नाही. तेथेच माती द्यावी लागली तर जागेची खूण, गावाचे नाव व दोन साक्षीदारांची नावे लिहून आणावी. मृत्यूची नोंद जेथे मृत्यू झाला तेथेच करावयाची असते, आणि ती एकवीस दिवसांच्या आत करावी. गावी परतल्यावर करू, असे म्हणून निघून येऊ नये. त्या दाखल्यावाचून विधवेचे निवृत्तिवेतन, वारसाची नोंद व विम्याची रक्कम ही सर्व अडून राहतात. टोळीत ज्यास लिहिता येते त्याने निघण्यापूर्वीच एक कोरी वही व पेन्सिल बरोबर घ्यावी.